अंगरख्यावरचा स्टार

चिंचेचा कोळ आणि जाडं मीठ. आमच्या घरात देवाची तांब्या-पितळेची भांडी याच्यानंच घासायची रीत. 25 जानेवारी 2018च्या रात्री बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर मी याच कोळाची वाटी घेतली आणि माझ्या वडिलांची पाच मेडलं तिच्यात सोडली. फिती काढल्या नाहीत. काढता येतात हेच मला माहीत नव्हतं. नारळाच्या शेंडीनं पाचही मेडलं घासली, कडाही सोडल्या नाहीत, मग नळाखाली धरली आणि पुसून पंख्याखाली वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवली. सकाळपर्यंत वाळतील, या समाधानात झोपले.

सकाळी फिती वाळलेल्या आंबोशीसारख्या कडक झाल्या होत्या. दोन फितींचा गडद रंग शेजारच्या फिकट पट्टीत पसरला होता. ती मेडलं पितळेची नव्हतीच. तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूला चिंचेची गरज नसते, मऊ कापड पुरतं. पण माझ्या मनाला आजही लागतं ते कडांचं. आपल्याकडच्या लष्करी मेडलच्या कडेवर ज्याला ते मिळालं त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. एका मेडलवर बाबांच्या आडनावातलं एक अक्षर मुळातच पुसट होतं. त्याचा उरलासुरला उठाव मी त्या रात्री शेंडीनं घालवला.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या दिवशी, 26 जानेवारीला, आमच्या सोसायटीत झेंडावंदन होतं आणि मी ती मेडलं लावून जाणार होते. त्या सकाळी मी जे केलं ते सांगण्याआधी बाबा लष्करात कोण होते ते सांगायला हवं, कारण माझ्या सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

ते पंडितजी होते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, लष्करात पूजा सांगायलाही माणूस असतो? असतो. कागदोपत्री त्या पदाला धर्मगुरू म्हणतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्खू असे सगळे त्यात येतात. गोरखा जवानांसाठीचे पंडित वेगळे, मौलवींमध्ये सुन्नी वेगळे आणि शिया वेगळे. भरती थेट नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर होते, म्हणजे ते जेसीओ, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, असतात. आजच्या भरतीत पंडिताला पदवीबरोबर संस्कृतातली आचार्य किंवा शास्त्री ही पात्रता लागते आणि त्याला 1.6 किलोमीटर आठ मिनिटांत धावूनही दाखवावं लागतं. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतं. तिथं पंडित आणि मौलवी, ग्रंथी आणि पाद्री एकत्र शिकतात.

मंदिरातली पूजा हा या कामाचा छोटा भाग. मेलेल्या जवानाचे अंत्यविधी त्यांच्याकडे, लष्करी इस्पितळात आजाऱ्याच्या उशाशी बसणं त्यांच्याकडे, जवानांच्या मुलांना चार चांगल्या गोष्टी शिकवणं त्यांच्याकडे. शिक्षा भोगत असलेल्या जवानाला जाऊन भेटणंसुद्धा त्यांच्या ठरलेल्या कामांत आहे. बाबा दर आठवड्याला कोठडीत कुणाला तरी भेटून यायचे आणि त्या दिवशी रात्री फारसं बोलायचे नाहीत.

1983 मध्ये आम्ही बेळगावला होतो, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये. मी सात वर्षांची. आमच्या क्वार्टर्सच्या रांगेत सगळी जेसीओंची घरं. सकाळी एकेक काका कडक इस्त्रीच्या गणवेशात बाहेर पडायचे आणि आम्ही मुली खांदे वाचायला शिकलो होतो. एक स्टार आणि फीत म्हणजे नायब सुभेदार, दोन स्टार आणि फीत म्हणजे सुभेदार, सिंहांची राजमुद्रा आणि फीत म्हणजे सुभेदार मेजर. आणि माझे बाबा धोतर, पांढरा अंगरखा आणि केशरी उपरणं घालून सायकलवर टांग टाकायचे. त्यांच्या खांद्यावर वाचायला काहीच नव्हतं. मैत्रिणीनं एकदा विचारलं, "तुझे बाबा खरे सुभेदार आहेत का?" तिनं ते सहज विचारलं होतं. मला मात्र ते दिवसभर सलत राहिलं.

कॅम्पात लष्करी सामानाचं एक दुकान होतं. पट्टे, बूटपॉलिश, बिल्ले, शिट्ट्या असलं सगळं तिथं मिळायचं. भाऊबीजेचे पैसे घेऊन मी गेले आणि एक पितळी स्टार घेतला. आईच्या डब्यातली सुई आणि लाल दोरा घेऊन तो बाबांच्या धुतलेल्या अंगरख्याच्या खांद्यावर शिवला, उजव्या खांद्यावर, कारण एकाच स्टारचे पैसे होते. मला काय वाटत होतं ते लख्ख आठवतं. बाबांचं काहीतरी लष्करानं द्यायचं राहून गेलंय आणि ते मी भरून काढतेय, असं वाटत होतं.

बाबांनी पहाटे अंधारात अंगरखा घातला, वर उपरणं घेतलं. दिवसभर उपरण्याखाली स्टार झाकलेला राहिला. संध्याकाळी मंदिरात आरतीनंतर त्यांनी उपरणं काढून खुंटीला लावलं. मी पायरीवर बसले होते. तिथं रोज एक रंगरूट यायचा, खानापूरकडचा, अठरा-एकोणीस वर्षांचा. भरती होऊन दोन महिने होतात न होतात तोच त्याची आई गेली होती. तो कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसायचा, बाबा त्याच्याशेजारी खाली बसायचे, आणि तो काही बोलायचा किंवा नाही बोलायचा. त्या दिवशी तो आत आला, त्याची नजर बाबांच्या खांद्यावर गेली आणि तो ताडकन टाचा जुळवून उभा राहिला. "राम राम साब!" बाबा म्हणाले, बस. तो बसला नाही. "नाही साब. ठीक आहे साब." प्रसाद घेतला आणि गेला.

बाबांना काही कळेना. मग त्यांनी खांद्याला हात लावला.

घरी येऊन त्यांनी आईकडून कात्री मागितली, दिव्याजवळ बसून दोरा कापला, स्टार माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला हुद्दा आहे हे त्या पोराला ठाऊक होतंच, बाळ. तो माझ्याकडे ते विसरायला यायचा."

सात वर्षांच्या मुलीला हे कळलं नाही, त्यात नवल नाही. पण मी सतरा वर्षांची झाले तरी ते कळलं नव्हतं, आणि हे मला लिहिलंच पाहिजे. कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'सुभेदार, भारतीय लष्कर' लिहायचे. पंडित हा शब्द गाळायचे. कसम परेडला बाबा हातात गीता घेऊन उभे राहत, ओळीनं येणारे तरुण त्या पोथीवर हात ठेवून शपथ घेत, आणि त्या क्षणापासून ते सैनिक होत. माझ्या मैत्रिणींना मी त्या परेडचं वर्णन करायचे ते बँडचं आणि बुटांच्या आवाजाचं. पोथी धरलेल्या माणसाचं कधीच केलं नाही. तो रंगरूट पुढचे आठ-दहा दिवस मंदिरात आला नव्हता, हेही मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मी पायरीवर बसून त्याची वाट पाहिली होती, तरीही.

आता 2018. बेळ्ळंदूरला राहणाऱ्यांना तो जानेवारी आठवत असेल. तळ्याचा फेस रस्त्यावर येण्याची आम्हाला एव्हाना सवय झाली होती, 2015 पासून ते चाललंच होतं. 19 जानेवारीला मात्र तळ्यालाच आग लागली, पुन्हा एकदा. पाणी पेटतं ही गोष्ट पुराणात वाचली होती, बाल्कनीतून पाहिली. धुरानं इब्लूरकडची बाजू दिसेना. अग्निशमन दलाबरोबर लष्कराच्या ए.एस.सी. सेंटरचे जवान मोठ्या संख्येनं उतरले आणि वाळक्या गवतात घुसून, बादल्यांनी पाणी मारून त्यांनी आग आटोक्यात आणली. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत लष्कराबद्दल जे प्रेम उसळलं होतं ते खरं होतं. 26 तारखेला झेंडावंदनाला 'ज्यांच्या घरात सैनिक आहेत त्यांनी पुढं यावं' असं ठरलं. मीही मनात म्हटलं, आता तरी बाबांचं ऋण फेडू.

तर त्या सकाळी मी कडक झालेल्या फितींची मेडलं एका सुती पट्टीवर शिवली. क्रम माझ्या मनानं लावला, बाबांच्या आयुष्याचा. आधी 9 वर्षांच्या सेवेचं, मग सैन्य सेवा मेडल, मग बर्फातल्या पोस्टिंगचं उच्च तुंगता मेडल, मग 1997चं स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचं, शेवटी 20 वर्षांच्या सेवेचं. एखादं चरित्र वाचावं तसं डावीकडून उजवीकडं. आणि ती पट्टी पदरावर, डाव्या खांद्याखाली, माझ्या स्वतःच्या डाव्या छातीवर लावली.

क्रम साफ चुकला होता. मेडलं आयुष्याच्या क्रमानं लावत नाहीत, मानाच्या क्रमानं लावतात, आणि सर्वांत वरचं मेडल छातीच्या मध्याकडं येतं. बाबांच्या ओळीत आधी सैन्य सेवा, मग उच्च तुंगता, मग सुवर्णमहोत्सवी, मग 20 वर्षांचं आणि सर्वांत शेवटी, दंडाकडं, 9 वर्षांचं. मी नेमकं शेवटचं मेडल पहिलं मांडलं होतं. पण क्रमाची चूक ही अज्ञानाची चूक. बाजूची चूक त्याहून मोठी निघाली.

गेटवर एक नवे सुरक्षारक्षक होते, साठीच्या आसपासचे, धारवाड जिल्ह्यातले. पाठीचा कणा सांगत होता की हा माणूस फौजेतला. मी आले तशी त्यांची नजर माझ्या डाव्या छातीवर गेली आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. मी हसून मान झुकवली. झेंड्यापाशी एका तरुण शेजारणीनं विचारलं, "अय्यो, तुम्ही आर्मीत होता? कोणती रेजिमेंट?" मी म्हटलं, "मराठा." तिनं 'तुम्ही' विचारलं होतं आणि मी 'आम्ही'चं उत्तर दिलं. तिचा गैरसमज झाला हे मला त्याच क्षणी कळलं. तो दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. तिनं मोबाइलवर माझा फोटो काढला आणि मी ताठ उभी राहिले.

आमच्या विंगमध्ये साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मेजर मुलाकडं राहतात. त्यांनी चारचौघांत काही म्हटलं नाही. चहा झाल्यावर जिन्यापाशी थांबले. "ताई, पंडितजींची मेडलं ना?" मी हो म्हटलं. "मग ती उजवीकडं पाहिजेत. डावी बाजू कमावलेल्याची. गेलेल्या माणसाची मेडलं घरच्यांनी लावायची तर उजव्या छातीवर, आणि तीही हुतात्म्यांना मानवंदना असते अशा कार्यक्रमाला. झेंडावंदनाला नाहीत लावत कोणी." थोडं थांबून म्हणाले, "डावीकडं लावली की बघणारा समजतो, ही तुमची."

बघणारा तसंच समजला होता. सैनिकाचा गणवेश किंवा त्याची खूण, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेचं 140वं कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 168वं आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मी काही तशा हेतूनं घराबाहेर पडले नव्हते. पण गेटपासून झेंड्यापर्यंतच्या शंभर पावलांत तो हेतू माझ्यात आला होता आणि मी त्याला येऊ दिलं होतं. बाबांच्या अंगरख्यावर जो हुद्दा मी चिकटवला तो निदान त्यांचा होता. या वेळी मी त्यांचं स्वतःला चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर गेले आणि रक्षकांना सांगितलं की मेडलं वडिलांची होती, सलाम मला नको होता, मी तो घेतला. हिंदीत सांगत होते. त्यांनी मराठीत विचारलं, "वडील कुठल्या पलटणीत?" ते स्वतः मराठा रेजिमेंटमध्ये सोळा वर्षं होते, मराठी तिथंच शिकले. बाबांना ते ओळखत नव्हते. पण त्यांच्या पलटणीतल्या पंडितजींनी एका हिवाळ्यात त्यांची घरची पत्रं लिहून दिली होती, कन्नड येत नसताना, ते सांगतील तसं मराठी अक्षरांत उतरवून. गावात ती वाचणारा एकजण होता. एवढं सांगून ते एका गाडीसाठी फाटक उघडायला गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी सलाम केला नाही. "राम राम ताई" म्हणतात.

सुभेदार मेजर काकांनीच मला कमर्शियल स्ट्रीटजवळच्या एका जुन्या लष्करी शिंप्याकडं नेलं. त्या म्हाताऱ्या माणसानं डाग पडलेल्या फिती एकेक करून कडीतून ओढून काढल्या. किती सोपं होतं ते! नव्या फिती गजभर गुंडाळ्यांतून कापल्या, ताठ कापडाच्या पट्टीवर सारख्या उंचीनं बसवल्या, मेडलांच्या खालच्या कडा एका रेषेत आल्या की नाही ते पट्टी लावून दोनदा पाहिलं. मी पुसट अक्षराबद्दल विचारलं, परत ठोकता येईल का? त्यांनी भिंग लावून कड पाहिली आणि मान हलवली. हवं तर तसंच नवं मेडल मिळेल, म्हणाले, पण त्याची कड कोरी असेल. काका म्हणाले, राहू दे. मीही राहू दे म्हटलं. जुन्या फिती मी एका पाकिटात घालून घरी आणल्या.

यानंतर मी वाचायला लागले, आणि वाचण्यातून पुढची चूक झाली. अर्धवट माहितीच्या माणसाला जो उत्साह येतो तो मला आला होता. 1949च्या पहिल्या जिनिव्हा करारात 24व्या कलमात लिहिलंय की सैन्याबरोबर असलेल्या धर्मगुरूंना, डॉक्टर-परिचारिकांप्रमाणेच, कोणत्याही परिस्थितीत इजा करायची नाही. 40व्या कलमात त्यांची खूण दिली आहे, डाव्या दंडावर पाण्यानं खराब न होणारी पट्टी, तिच्यावर लाल क्रॉससारखं संरक्षणाचं चिन्ह, आणि ती पट्टी लष्करानं दिलेली, लष्कराचा शिक्का असलेली. हे वाचून मी थरारले. छातीवरचं काही नाही, खांद्यावरचं काही नाही, दंडावरची एक पट्टी, आणि तिच्या भरवशावर माणूस निःशस्त्र गोळीबारात जखमीपर्यंत जाणार.

2019च्या 15 ऑगस्टला सोसायटीतल्या मुलांचं छोटं नाटुकलं होतं, लष्करातल्या सर्वधर्मस्थळावर. एका छपराखाली पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री. कल्पना माझीच. मी आरी वर्कची कामं घेते, सर्जापूर रस्त्यापर्यंतच्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडं येतात, त्यामुळं कपडेही माझ्याकडंच. चौघा मुलांसाठी पांढऱ्या रेक्झिनच्या दंडपट्ट्या केल्या, लाल फेल्टचे क्रॉस चिकटवले, आणि करारात शिक्का म्हटलंय म्हणून खोडरबर कोरून शिक्कासुद्धा मारला. इतकं बारकाईनं केलं याचं मला फार कौतुक वाटत होतं.

रंगीत तालमीला एका मुलाची आजी बसली होती, लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून नोकरी झालेली. तालीम संपल्यावर तिनं नातवाच्या दंडावरची पट्टी सोडली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, ही सजावटीची वस्तू नाही. आपल्याकडं 1960चा जिनिव्हा करार कायदा आहे, सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह वापरता येत नाही, दंड पाचशे रुपयांपर्यंत आणि वस्तू जप्त. दंड किरकोळ आहे, ती म्हणाली, पण कारण किरकोळ नाही. हे चिन्ह नाटकात दिसलं, मिठाईच्या डब्यावर दिसलं, खेळण्यातल्या गाडीवर दिसलं की डोळ्यांना त्याची सवय होते. मग ज्या दिवशी बंदुकीच्या दुर्बिणीतून ते कुणाला दिसेल त्या दिवशी बोट थांबायला हवं, ते थांबणार नाही.

मी पट्ट्या घरी आणून कात्रीनं कापल्या. खोडरबरचा शिक्काही कापला. नाटुकलं पट्ट्यांशिवाय झालं आणि मुलांचं काही अडलं नाही.

एवढं झाल्यावर मी शिकले असेन असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा अमेरिकेत वाढला आणि तिथल्या लष्करात आहे. 2022 मध्ये त्यानं फोन केला. "मावशी, आमच्याकडं एक हिंदू चॅप्लेन आहेत. त्यांना पूजेच्या वेळी गळ्यात घालायला एक पट्टा करून देशील? भेट द्यायचीय." तिथं धर्मगुरू अधिकारी असतात, गणवेशावर हुद्दाही लावतात आणि आपल्या धर्माचं चिन्हही, आणि उपासनेच्या वेळी वरून धार्मिक वस्त्र घेता येतं. त्यांच्या चिन्हांचा इतिहास मी त्याच्याकडून ऐकला आणि मग स्वतः शोधत बसले. चॅप्लेनची संस्था 29 जुलै 1775 पासूनची. क्रॉस आला 1898 मध्ये. पहिल्या महायुद्धात ज्यू धर्मगुरू भरती झाले, आणि त्यांच्या छातीवर क्रॉस कसा शोभणार हा प्रश्न आला. मग दशाज्ञांच्या दोन शिळा आणि वर दाऊदचा तारा असं चिन्ह ठरलं. त्या शिळांवर कितीतरी वर्षं रोमन आकडे होते. हिब्रू अक्षरं यायला 1980चं दशक उजाडलं. बौद्धांचं धर्मचक्र 1990 मध्ये मंजूर झालं. पहिले मुस्लिम चॅप्लेन, अब्दुल रशीद मुहम्मद, 1993च्या डिसेंबरात चंद्रकोर लावून उभे राहिले. आणि ओम आला 2011 मध्ये, कॅप्टन प्रतिमा धर्म यांच्या गणवेशावर. त्याआधी त्या ख्रिस्ती चॅप्लेन म्हणून त्याच सैन्यात काम करत होत्या, इराकलाही जाऊन आल्या होत्या. चिन्मय मिशन वेस्टच्या शिफारशीनं त्या पहिल्या हिंदू चॅप्लेन झाल्या.

या एकेका चिन्हासाठी माणसांनी इतकी वर्षं का घालवली, हे मला बाबांमुळं समजू शकलं. इस्पितळातल्या खाटेवरच्या माणसाला डोळे उघडल्यावर कळायला हवं की जवळ बसलेला कोण आहे, याच्याजवळ आपण आपल्या भाषेतलं शेवटचं मागू शकतो का. आणि त्याच सैन्याची दुसरी गोष्टही आहे. 3 फेब्रुवारी 1943च्या रात्री डॉर्चेस्टर नावाचं जहाज उत्तर अटलांटिकमध्ये पाणतीराचा घाव लागून बुडालं. चार चॅप्लेन त्यावर होते, दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक, एक रब्बी. आपापली जीवरक्षक जॅकेटं त्यांनी समोर आलेल्या माणसांना देऊन टाकली आणि चौघं जहाजाबरोबर गेले. त्या काळोखात कॉलरवरचं कुणाचं काय चिन्ह कुणाला दिसलं असणार?

हे सगळं वाचत मी काम करत होते. केशरी सॅटिन, जरीचा ओम, दोन्ही टोकांना. फार सुरेख झालं होतं. मग वाटलं, हा मान अजून पुरा नाही. भाच्यानं सांगितलं होतं की ते कॅप्टन आहेत. तिथल्या कॅप्टनचं चिन्ह दोन उभ्या रुपेरी पट्ट्या. ओमच्या खाली त्या दोन पट्ट्या मी चंदेरी बदल्यानं भरल्या, दोन रात्री बसून, आणि फोटो पाठवला.

त्याचा निरोप सकाळी आला. "मावशी, ओम अप्रतिम. पण ते बार काढशील का? हुद्दा गणवेशावर असतो. पट्टा घातला की ते कॅप्टन नसतात."

मी मशीनसमोर खूप वेळ बसून राहिले. सदतीस... नाही, एकोणचाळीस वर्षं. तोच खांदा, तोच दोरा. तेव्हा सात वर्षांची होते म्हणून स्वतःला माफ करता येत होतं. आता शेहेचाळीस. बाबांनी माझी मूठ मिटवून दिली होती आणि त्या मुठीत काय आहे हे मी इतक्या वर्षांत उघडून पाहिलं नव्हतं. मान द्यायचा म्हणजे वर काहीतरी चढवायचं, ही माझी समजूत हातातच मुरली होती, डोक्यानं कितीही वाचलं तरी.

आरीचं काम उसवताना उलट बाजूनं साखळीचं टोक सापडलं की सबंध धागा एका ओढीत निघून येतो. बार निघाले. भोकं राहिली. वाफ दिली, ओल्या कापडावरून इस्त्री फिरवली, नखानं सॅटिनचे धागे सरकवून पाहिले. उजेडात धरलं की ओमखाली दोन उभ्या ठिपक्यांच्या रांगा दिसतच होत्या. असा पट्टा पाठवणं शक्य नव्हतं. नवं कापड आणलं आणि पहिल्यापासून काम केलं, या वेळी फक्त ओम. आठ दिवस लागले. भाच्याला सांगितलं की उशीर माझ्या चुकीमुळं झाला, आणि त्या चुकीबरोबर बेळगावच्या अंगरख्याची गोष्टही सांगितली. ती मी तोवर माझ्या मुलांनासुद्धा सांगितली नव्हती.

चार महिन्यांनी त्यानं एक फोटो पाठवला, त्या दोघांना विचारून. कुठलासा सरावाचा तळ, तंबूची कनात, जमिनीवर टेकवलेली एक लाकडी पेटी. तिला टेकून एक जवान बसलाय, बूट धुळीनं माखलेले, डोकं गुडघ्यांत. शेजारी चॅप्लेन खाली मांडी घालून बसलेत, कॅमेऱ्याकडं पाठ. खांद्यावरून मागं आलेलं पट्ट्याचं टोक जमिनीला लागलंय आणि त्याच्यावरचा ओम थोडा मातीत गेलाय.

भाच्यानं खाली लिहिलं होतं, "सॉरी मावशी, मळला."

मी उत्तर लिहिलं, धुवायचा तर गार पाण्यात, आणि चिंच लावू नका.

मग ते अर्धं वाक्य खोडलं. त्याला त्यातलं काय कळणार होतं? गार पाण्यात, एवढंच ठेवलं.